इंझोरीवाल्याची वरची कडी

लग्न होऊन केनवडला आले, तेव्हा सासूबाईंनी मला घर फिरवून दाखवलं. पुढे किराण्याचं दुकान, मध्ये राहायची जागा, मागे आड आणि आडाच्या पलीकडे छातीभर उंचीची मातीची भिंत. "या भितीपलीकडे जाचं नाही बरं," एवढं म्हणून त्या वळल्या. मी कारंज्याच्या पेठेत वाढलेली. मला वाटलं, पलीकडे कोणी भांडकुदळ शेजारीण असेल. असल्या शेजारणीची मला भीती नव्हती, म्हणून दुसऱ्याच दिवशी धुणं वाळत घालताना मी खुशाल मान उंचावून पाहिलं.

पलीकडे मोठं अंगण होतं. एक लिंबाचं झाड, त्याखाली पत्र्याचा मांडव आणि मांडवात जुने ट्रॅक्टर ओळीनं उभे. रबरी टायरचे नव्हेत, लोखंडी दातेरी चाकांचे. प्रत्येकाच्या पुढच्या आसाला दावं बांधलेलं आणि दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला. एक उंच, वाळका माणूस त्यातल्या एका ट्रॅक्टरपुढे उकिडवा बसला होता. यंत्र धडधडत होतं आणि त्यानं तुरीची एक काडी दातांत धरून तिचं दुसरं टोक यंत्राच्या पोटाला लावलं होतं. डोळे मिटलेले. यंत्राच्या पोटातली खडखड तो त्या काडीतून ऐकतो, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला हसू आवरेना.

काडी दातांतून काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हासा बाई, हासा. पन जराक हळू. हे नवं आलं हाये, बुजते."

हे उकंडराव. आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून हे झाल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं आणि नावही तेच ठेवलं होतं. आमच्याकडे अशी नावं पुष्कळ. मी त्यांना काकाजी म्हणत असे. ही हकिगत पन्नास ते साठच्या मधली; तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता, अकोल्यातला नुसता तालुका होता.

फार पूर्वी वऱ्हाडातल्या कापसाच्या जिनवाल्यांनी आणि मोठ्या खातेदारांनी हौसेनं परदेशी ट्रॅक्टर आणवले होते. ते रॉकेलवर चालत, हँडल मारून सुरू करावे लागत आणि बिघडले की दुरुस्त करणारा कोणी मिळत नसे. मग ते गोठ्यात, जिनाच्या मागे, नाल्याच्या काठी पडून राहत. उकंडराव ते हुडकून काढत. वास लागल्यासारखे जात. चांगली ओलिताची जमीन होती, घरी गडी होते, बैल होते. यंत्राची त्यांना गरज काहीच नव्हती. पण पडलेलं यंत्र पाहिलं की त्यांना चैन पडत नसे. "बैल म्हातारा झाला तं आपन त्याले चारा देतो का नाही? मंग यानं काय पाप केलं?" असं ते विचारत, आणि समोरच्याला उत्तर सुचायच्या आत पाना घेऊन कामाला लागत.

मेडशीचा ट्रॅक्टर त्यांना एका गोठ्यात सापडला. सीटाखालच्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक द्यायला तयार, पण मालकीण म्हणे, कोंबडी उठल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. हे दर आठवड्याला मेडशीला जाऊन कोंबडीची विचारपूस करून येत. पिल्लं निघाल्यावर ट्रॅक्टर आणला, त्यातलं एक पिल्लू बाईनं प्रेमानं भेट दिलं, आणि पेटीच्या कोपऱ्यात ग्रीसमध्ये चिकटलेलं एक पीस यांनी तसंच राहू दिलं. मी म्हटलं, "काकाजी, तेवढं तरी पुसा." तर म्हणाले, "जसं आलं तसं ठेवाचं. चालन एवढंच आपन कराचं. बाकीचं त्याचं त्याच्यापाशी."

हा त्यांचा नेम होता. गंज खरवडत, पण रंग देत नसत. चेपलेला पत्रा सरळ करत नसत. कोणी पूर्वी तारेनं बांधलेलं असलं तर ती तारही ठेवत. ट्रॅक्टरांना त्यांनी बैलांसारखी नावं ठेवली नव्हती. जिथून आला त्या गावाचं नाव. मेडशीवाला, कारंजावाला, असे. माझ्या माहेरच्या गावाचा एक होता, त्याचं मला उगाच बरं वाटे.

त्यांच्या आणखी काही खोडी होत्या. हँडल मारताना ते अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवत, मुठीभोवती कधी वळवत नसत. यंत्र उलटं फिरलं तर अंगठा मोडतो म्हणून. ही सवय इतकी मुरली होती की पाण्याचा तांब्यादेखील ते तसाच धरत आणि आमच्या घरी चहा प्यायला आले की सासूबाई म्हणत, "कप उलटा फिरनार नाही, धरा नीट." मळलेल्या धोतराला रॉकेलचा वास. स्क्रू आणि चक्र्या लोणच्याच्या बरण्यांत, बरणीवर फडकं बांधून. आणि यंत्राजवळ आवाज चढवायचा नाही, हा घरातल्या सगळ्यांना हुकूम. सून शेवंता मला सांगायची, "आमचे मामाजी मानसावर रागावतात तं अंगनाच्या बाहेर नेऊन रागावतात."

इतकं सगळं हसण्यासारखं होतं. हसण्यासारखं नव्हतं ते एकच. मांडवाच्या अगदी टोकाला, बाकीच्यांपासून थोडा दूर, एक ट्रॅक्टर उभा असे. तो इंझोरीवाला. आमच्या सासूबाईंनी भिंतीपलीकडे जायचं नाही म्हणून सांगितलं ते त्याच्यामुळे. त्यानं माणूस खाल्ला होता, असं सगळं गाव म्हणत असे.

ती गोष्ट मला खुद्द उकंडरावांनीच सांगितली, भिंतीला टेकून, शांतपणे. इंझोरीच्या एका शेतात कुंदा, म्हणजे खोल मुळांचं चिवट गवत, माजला होता. नांगराला जुंपलेला हा ट्रॅक्टर बाभळीच्या बुंध्याला अडला. चालवणाऱ्या गड्यानं बैल हाणावा तसा जोर वाढवला, आणि ट्रॅक्टर पुढची चाकं उचलून सरळ उभा राहिला, तसाच मागे पालथा झाला. गडी खाली. सांगताना उकंडरावांनी आपला तळहात आडवा धरला, बोटं हळूच वर उचलली आणि हात उलटा केला. बस, एवढंच. मला ते अजून दिसतं.

पुढचा पावसाळाभर तो ट्रॅक्टर त्या शेतात चाकं वर करून पडून होता. कोणी हात लावेना. मालकानं उकंडरावांना निरोप धाडला, घेऊन जा, काही देऊ नका. ते तिथे जाऊन राहिले, बैल लावून त्यांनी तो सरळ केला, दुरुस्त केला आणि स्वतः चालवत केनवडला आणला. बातमी त्यांच्या पुढे पुढे पोचत होती. रस्त्यातल्या गावांत लोक दारं लावून घेत. एका गावात टाकीत ओतायला कोणी पाणी देईना, तेव्हा यांनी स्वतःच्या प्यायच्या चंबूतलं ओतलं.

"यंत्र मानूस खात नाही बाई," ते म्हणाले. "मानूस साखळी वर लावते, म्हून मरते. या, दाखवतो."

मी भिंत ओलांडली नाही, पण त्यांनी जे दाखवलं ते तिथूनही दिसत होतं. ट्रॅक्टरच्या मागे, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, ओढकामाचा मूळचा हूक होता. आणि सीटाच्या खाली, कमरेच्या उंचीला, एक जाड लोखंडी कडी होती. ती इंझोरीच्या लोहारानं बसवलेली. तिथल्या गड्यांनीच ती मागून घेतली होती. जन्मभर बैलांमागे चाललेली माणसं. बैल खांद्यानं ओढतो, जू मानेवर असतं, साखळी पायात आली की बैल अडखळतो, हे त्यांच्या हातांना ठाऊक. म्हणून ट्रॅक्टरलाही त्यांनी खांद्याच्या उंचीवर जुंपलं. त्यात कोणाची काही चूक म्हणता येईल, असं मला वाटत नाही. पण यंत्राला खांदा नसतो. खाली जुंपलं तर ते ओढतं, वर जुंपलं तर उभं राहतं.

एकदा शेवंतानं माझ्यादेखत विषय काढला. "मामाजी, थे वरची कडी कापून काहून नाही टाकत?"

"कापली तं इंझोरीचा पोट्टा कायनं मेला, हे कोन सांगन?" ते म्हणाले. "मंग सारे म्हनतीन, यंत्रानंच खाल्लं. थे कडी हाये म्हून त्याची बाजू मांडता येते."

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, कारण मलाही तेच म्हणायचं होतं. तिचा नवरा, भास्कर, रोज तो ट्रॅक्टर चालवत होता.

भास्कर हा उकंडरावांचा एकुलता एक. वाशीमला मॅट्रिक करून परत आलेला, अंगानं धिप्पाड, बोलायला गोड. बापावर त्याची अशी श्रद्धा होती की मला कधी कधी त्या श्रद्धेची भीती वाटायची. गावात कोणी इंझोरीवाल्याबद्दल वावगं बोललं की हा दुसऱ्या दिवशी मुद्दाम तोच ट्रॅक्टर काढून भर बाजारातून नेई. उकंडरावांना ते आवडायचं. गावानं त्यांचं कधी ऐकलं नाही, पोरानं अक्षर न् अक्षर ऐकलं. कोणत्या बापाला आवडणार नाही?

तो शेतात ट्रॅक्टर घेऊन गेला की शेवंता स्वयंपाकघरात आवाज ऐकत काम करायची. त्यांचं शेत गावाला लागूनच होतं, त्यामुळे धडधड घरात ऐकू येई. आवाज चालू असेपर्यंत तिच्या भाकरी भराभर होत. बंद पडला की हात थांबे. पुन्हा सुरू झाला की मगच तवा. मी भिंतीपाशी असले तर मीही बोलणं थांबवून ऐकायला लागले होते. दुसऱ्याची धास्ती किती सहज आपल्याला लागते, हे मी त्या वर्षांत शिकले.

पोळ्याचं सांगायलाच हवं. आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोणी लावून शेकायचे आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं त्यांच्या कानात म्हणायचं, हे आमच्याकडे घरोघर. उकंडराव बैलांचं झालं की मांडवात जात. मागच्या चाकांच्या मधल्या तुंब्यांना हळद-लोणी लावत आणि तेच आवतन प्रत्येक यंत्राला देत. सगळं गाव हसे. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलांच्या ओळीच्या शेपटाला यांचा एखादा ट्रॅक्टर उभा राही, शिंगं नसली तरी धुराड्याला बेगड चिकटवून. पाटीलही चालवून घेत.

एका पोळ्याला भास्करनं इंझोरीवाला नेला. ओळीतले बैल आधी कान टवकारून उभे राहिले आणि मग एकेक करून वळले. कोणी भ्यालं नाही, कोणी उधळलं नाही. नुसते तोंड फिरवून उभे राहिले, सगळे. वाजंत्री वाजवणाऱ्यांनी आपसूक वाजवणं थांबवलं. शास्त्र म्हणून सांगत नाही. ट्रॅक्टरच्या धुराचा वास बैलांना सोसला नसेल. पण तोरण तुटल्यावर बैलजोड्या घरोघर पूजेला गेल्या आणि भास्कर तो ट्रॅक्टर घेऊन आमच्या दारात आला, तेव्हा सासूबाई ताट घेऊन मागे सरल्या. "याले नाही ओवाळाचं," त्या म्हणाल्या. ट्रॅक्टरमागून चालत आलेले उकंडराव दारात उभे होते. त्यांचा चेहरा असा पडला की मला राहवलं नाही. मी ताट घेतलं आणि ओवाळलं. यंत्राला नाही, वर बसलेल्या भास्करला. त्याचं लक्ष नव्हतं, तो बापाकडे पाहून हसत होता.

आणि ती म्हातारी. दर वर्षी, कापूस वेचून झाल्यावर, इंझोरीहून एक म्हातारी मोटारीनं यायची. मेलेल्या गड्याची आई. ती उकंडरावांच्या अंगणात लिंबाखाली बसायची, इंझोरीवाल्याकडे तोंड करून. उकंडराव स्वतः तिला पाणी नेऊन देत, शेवंता जेवण वाढी. ती शिव्या देत नसे, रडत नसे. भाकर खायची, संध्याकाळच्या मोटारीनं परत जायची. उकंडरावांना वाटे, तिला यंत्राचं निर्दोषपण पटलं असावं. "कडी दाखवली मी तिले," ते मला म्हणाले. "समजली ते."

एका वर्षी मी भिंतीवरून तिला गुळाचा खडा दिला आणि धीर करून विचारलं, "आजी, एवढ्या लांबून कशाला येता?"

"पाह्याले येतो बाई," ती म्हणाली. "अजून भूक हाये का त्याले, थे पाह्यतो."

मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही मला वाटत नाही. त्या उत्तरापलीकडचं काही ऐकायची माझी तयारी नव्हती.

ज्या वर्षी ते झालं, त्या वर्षी वैशाखात अवकाळी पाऊस पडला. मी सासूबाईंबरोबर शिरपूरचं दर्शन करून दमणीतून, आमच्या हलक्या बैलगाडीतून, परत येत होते. केनवडच्या अलीकडे नाल्याशी रस्ता अडला होता. कुंदा काढण्यासाठी कोणी भाड्यानं आणलेला नवा, रबरी चाकांचा ट्रॅक्टर काळ्या मातीत पोटापर्यंत रुतला होता. मातीत एवढं वजन बसलं की ती सोडत नाही. बैलांच्या तीन-चार जोड्या लावून झाल्या होत्या. शेवटी लोक उकंडरावांकडे गेले. लोखंडी दातेरी चाकांशिवाय हे निघणार नाही हे सगळ्यांना पटलं होतं, आणि सगळ्यांत जड यंत्र इंझोरीवालाच होता. इतकी वर्षं दारं लावून घेणारे लोक तो ट्रॅक्टर येताना पाहून बाजूला होऊन वाट देत होते.

भास्कर सीटवर होता. बरोबर किसन, उकंडरावांचा जुना सालदार, ज्याच्यासारखा बैल हाकणारा त्या भागात नव्हता. उकंडरावांनी वाकून स्वतः साखळी खालच्या हूकला लावली, दोनदा ओढून पाहिली. मग ते पुढे गेले, रस्त्याच्या घट्ट जागेवर उभे राहिले आणि हातानं खूण करत भास्करला सावकाश पुढे बोलावू लागले. सगळं ठीक चाललं होतं. आमच्या दमणीच्या गाडीवानानं बैलही सोडले, म्हणाला, होईलच आता.

पहिल्या झटक्याला साखळी हूकमधून निसटली आणि चिखलात पडली. भास्करनं यंत्र जरा मागे घेतलं. किसन धावला. लोकांची गर्दी पुढे सरकली, सगळे एकदम काहीबाही सांगत होते, मला मधल्या माणसांमुळे किसन दिसेना. त्यानं हात वर केला तेवढा दिसला. झालं, अशी खूण. उकंडरावांनी ती पाहिली आणि भास्करला पुढे बोलावलं.

यंत्रानं जोर धरला. धुराड्यातून काळा लोट निघाला. आणि मग पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली, अगदी सावकाश, कोणी हातानं उचलावीत तशी. एक हात, दीड हात. लोक मागे पळाले. मला वाटलं, भास्करला हे दिसतच नाहीये. तो मागे मान वळवून रुतलेल्या ट्रॅक्टरकडे पाहत होता आणि जोर वाढवत होता, कारण समोर बाप उभा आहे, तो सांगेल, असा त्याचा विश्वास.

उकंडराव ओरडले. यंत्राजवळ कधी आवाज न चढवणारा माणूस. काय ओरडले ते त्या धडधडीत कोणालाच ऐकू गेलं नाही. मग ते धावले. पळून जाण्यासाठी नाही, यंत्राकडे. आणि वर उचललेल्या नाकाडावर त्यांनी उडी मारली, पाण्याच्या टाकीला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि लोंबकळले. माझ्या शेजारी सासूबाईंनी डोळे झाकून घेतले. मी झाकले नाहीत. तो वाळका देह यंत्राबरोबर वर चालला होता. भास्करनं तोंड वळवलं आणि समोर, टाकीच्या वर, त्याला बापाचा चेहरा दिसला. त्यानं क्लचवर पाय दिला.

नाकाड खाली आलं. धप्पकन, सगळ्या वजनानिशी. उकंडरावांचे हात सुटले होते. पुढचं लोखंडी चाक त्यांच्या दोन्ही पायांवर होतं.

माती मऊ होती म्हणून जगले, असं डॉक्टर म्हणाले. अकोल्याच्या दवाखान्यात एक पाय गुडघ्यावरून काढला, दुसरा नुसता नावाला राहिला. किसन आमच्या ओट्यावर येऊन रडला. "साखळी चिखलात लोळून राह्यली होती, बाई. मले वाटलं, याच्या पायात येईन. मी तं त्याच्या भल्यासाठीच वर लावली." बैलाला दुखू नये म्हणून आयुष्यभर जे हात साखळी उचलत आले, त्यांनी त्या घाईत तेच केलं होतं. मला त्याचा राग आला नाही. मला त्या कडीचा राग आला, आणि ती कापू न देणाऱ्याचाही. इतक्या चांगल्या माणसाचा राग येणं फार जड जातं.

त्या वर्षी इंझोरीची म्हातारी आली नाही. त्यानंतरही कधी आली नाही. मेली असेल, असं सासूबाई म्हणाल्या. तसं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

दवाखान्यातून आल्यावर उकंडराव अंगणात बाजेवर पडून असत. एक दिवस त्यांनी लोहाराला बोलावणं धाडलं. मी आडावर होते. छिन्नी आणि घण घेऊन लोहार आला, तेवढ्यात भास्कर बाहेर आला.

"कायले बलावलं बाबा?"

"थे वरची कडी कापाची हाये."

"नाही कापाची," भास्कर म्हणाला. आवाज अगदी हळू, यंत्राजवळ बोलावा तसा. "जे आलं थे काढाचं नाही. कडी काढली तं उद्या लोक म्हनतीन, उकंडरावाचे पाय यंत्रानं खाल्ले. मी म्हनू देनार नाही."

"भास्कर, लेका..."

"तुमी काळजी नका करू. मी हाये ना."

लोहार दोघांकडे पाहत उभा होता. उकंडराव काय बोलणार होते? मी चुकलो, असं? ते चुकले नव्हते. यंत्राचा गुन्हा नव्हताच. त्यांनी जन्मभर सांगितलं ते खरंच होतं. पण ते खरं ठेवायला आता त्यांचं पोर रोज त्या सीटवर बसणार होतं. लोहार परत गेला. आत शेवंताची भांडी आपटल्याचा आवाज आला. तिला तेव्हा दिवस गेले होते.

गाव दोन-तीनदा सांगायला आलं, भंगारात द्या. भास्करनं प्रत्येकाला ती कडी दाखवली आणि बापासारखाच तळहात आडवा धरून समजावून सांगितलं. आता तो ट्रॅक्टर एकटाच चालवी, किसनला जवळ येऊ देत नसे. साखळी स्वतः लावायची, स्वतः बसायचं, मागे पाहायला कोणी नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरच्यांनी केनवडचं दुकान बंद करून वाशीमला नेलं. सामानाच्या गाड्या सकाळीच पुढे गेल्या होत्या. दमणी उकंडरावांच्या शेतावरून निघाली तेव्हा ऊन चढलं होतं आणि भास्कर इंझोरीवाल्यावर बसून नांगरत होता. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बाज टाकून, तिच्या डोक्याशी गोणपाटाची सावली करून उकंडरावांना आणून ठेवलं होतं. रोज आणून ठेवावं लागे, नाहीतर ते जेवत नसत, असं शेवंतानं मला सांगितलं होतं.

मी दमणी थांबवायला लावून उतरले. वाकून नमस्कार केला. "येते काकाजी. वाशीमला आलात तर घरी या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कोपरांवर रेलून, मान पुढे काढून ते शेताकडे पाहत होते. पोराकडे नव्हे. ट्रॅक्टरच्या मागे, साखळी जिथे अडकवली होती तिथे. ट्रॅक्टर दूर दूर चालला होता आणि त्यांच्या पापण्या हलत नव्हत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही हात उचलला नाही. तास संपलं, ट्रॅक्टर धुऱ्याशी थांबला, तेव्हा त्यांनी श्वास सोडला आणि माझ्याकडे वळले.

"काय म्हनलं बाई?"

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात भास्करनं ट्रॅक्टर वळवला, बापाला हात केला आणि पुढचं तास धरलं, आणि उकंडरावांची मान तिकडे फिरली.